पंधरा रुपयांचा मास्तर

तुमचं वय वीस. यापुढे सन बदलतील, गावं बदलतील, अंगावरचे कपडे बदलतील. वय तेवढं वीसच राहील, आणि दर खेपेला घरातलं कुणीतरी विचारेल, "मास्तर व्हायचं खूळ कुठून शिरलं डोक्यात?"

१९०४ चा हिवाळा. वणीच्या बाजारात तुम्ही बापाच्या बंडीजवळ उभे आहात. जिल्ह्याचं नावही अजून वणीच आहे. यवतमाळ हे नाव त्याला पुढच्या वर्षी मिळेल. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला आणि पुढच्या काही वर्षांत इथल्या काळ्या मातीला विलायती गिरण्यांचा भाव लागला. तेव्हापासून बाजार असाच भरतो. बंड्यांची रांग, कापसाची धूळ, काट्यावर ओरडून सांगितलेलं वजन आणि गादीवर बसलेला व्यापाऱ्याचा मुनीम.

बाप अंगठा पुढे करतो. मुनीम त्याला शाई लावतो आणि वहीवर दाबतो. तुम्ही वाकून वही बघता. मघाशी काट्यावर पुकारलेला आकडा आणि वहीतला आकडा एक नाही. मराठी शाळा पुरी केली असल्यानं तुम्हाला हे दिसतं. रांगेतल्या दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. तुम्ही बोलता. मुनीम वर बघतो, काही न बोलता आकडा खोडून दुसरा घालतो. निघताना मात्र तुम्हाला बाजूला घेतो. "पोट्ट्या, डोकं चालते तुझं. उद्यापासून गादीवर ये. वही सांभाळजो."

त्या रात्री घरात आनंद आहे. गादीवरची नोकरी म्हणजे सावली, पगार, दिवाळीला धोतरजोडी. तुम्हाला झोप येत नाही. मुनिमानं तुमचं डोकं पारखलं ते खरं आहे, आणि ते विकत घेऊ बघतोय तेही खरं. १९०४ च्या या मुलखात अक्षर येणाऱ्या पोरासाठी बऱ्याच जागा रिकाम्या आहेत: मुनिमाचा मदतनीस, कचेरीबाहेरचा अर्जनवीस, जिनातला कारकून. या साऱ्या जागा चालतात त्या समोरच्याला वाचता येत नाही म्हणून. एकच जागा अशी आहे, जिथे बसलेला माणूस रोज त्या अडाण्यांतला एकेक कमी करत जातो. तिचा पगार सगळ्यांत थोडा.

शिक्षकी पेशा का निवडला, असं विचारलं की आज लोक आवडीची गोष्ट सांगतात, लहान मुलांच्या प्रेमाची गोष्ट सांगतात. ती खोटी नसते. पण यवतमाळच्या मातीत ही निवड मला नेहमी त्या गादीशी जोडलेली दिसते. आपल्याला वाचता येतं, मग आपण गादीच्या कुठल्या बाजूला बसायचं? मुलांविषयीचा जिव्हाळा पुष्कळदा त्यानंतर येतो, शिकवता शिकवता.

तुम्ही अमरावतीला जाता, पुढे शिकायला. तिथे काशीबाई हायस्कुलात तुमच्याच वणीचा एक तरुण शिकवतोय. माधव श्रीहरी अणे, वय चोवीस. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवी घेऊन तो वर्गात आलाय. लोकनायक बापूजी ही ओळख अजून फार दूर आहे. तो १९०७ पर्यंत शिकवेल, मधल्या काळात कायद्याची परीक्षा देईल आणि १९०८ मध्ये यवतमाळला वकिली सुरू करेल. मास्तरकी त्यानं सोडली, याचा दोष त्याला देऊ नका. हुशार माणसं या पेशातून तेव्हाही पुढे निघून जात, आजही जातात. जो मागे थांबतो त्याच्याकडे मात्र 'याला दुसरं काही जमलं नाही' अशा नजरेनं बघितलं जातं, आणि ही नजर मला कधी सहन झालेली नाही.

बापूजी यवतमाळात आले तेव्हा गावात एक राष्ट्रीय शाळा होती, विद्यागृह. तपस्वी बाबासाहेब परांजपे ती चालवत. 'वंदे मातरम्' म्हटलं म्हणून शाळेतून काढलेल्या मुलांना तिथे जागा मिळे. नागपूरहून आलेला केशव बळीराम हेडगेवार त्यांतलाच एक. तुम्ही तिथे शिकवायला गेलात तर एक गोष्ट आधी मान्य करून जाता: या शाळेला सरकारी मान्यता नाही, तेव्हा इथल्या मास्तराच्या नोकरीलाही कसला भरवसा नाही. सरकारचा दाब वाढतो आणि १९०९ मध्ये शाळा बंद पडते. तुमची नोकरी जाते. मुलांची पुस्तकं बांधून देताना तुम्हाला त्यांच्या पुढच्या वर्षाची काळजी वाटते. तुमच्या स्वतःच्या पुढच्या महिन्याची आठवण घरी पोचल्यावर होते.

मधली वर्षं झरझर जातात. १० जुलै १९३० ला पुसदच्या राखीव जंगलात बापूजी कायदा मोडून गवत कापतात, पकडले जातात, आणि जिल्हाभर पोरांच्या खेळात 'सत्याग्रही आणि शिपाई' शिरतात.

आता १९३८ चा एप्रिल. ऊन असं की दुपारी वाटेवर माणूस दिसत नाही. तुम्ही कळंबहून निघून, वर्धा नदी ओलांडून, देवळीवरून वर्ध्याला पोचता. खिशात मराठी सातवीचं सर्टिफिकेट आणि एक अर्ज आहे. मध्य प्रांत-वऱ्हाडात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलंय आणि त्यातल्या रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना काढलीय. जिथे शाळा नाही त्या गावानं जमीन दान द्यायची, तिच्या उत्पन्नातून मास्तराचा पगार निघायचा. पगार महिना पंधरा रुपये.

पंधरा. आदल्या ऑक्टोबरात याच वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली होती. तिच्यातून झाकीर हुसेन समिती निघाली, आणि त्या समितीच्या हिशेबात शिक्षकाला पंचवीस मिळावेत, निदान वीस तरी. म्हणजे तुम्हाला मिळणार ते त्या 'निदान'पेक्षाही पाच रुपयांनी कमी. आई बोटांवर मोजून दाखवते: ज्वारी इतक्याची, मीठ-मिरची-तेल इतक्याचं, धाकट्या बहिणीचं लग्न. बोटं संपतात, महिना उरतो.

तरी जागांहून कितीतरी जास्त अर्ज आलेत. अंगणात तुमच्यासारखी पोरं बसलीत, अकोल्याची, चांद्याची, भंडाऱ्याची. कुणी खादीत, कुणी गिरणीच्या कापडात. तुम्ही त्यांना विचारत फिरता, काहून आलात? एकजण म्हणतो, गांधीबाबासाठी. दुसरा म्हणतो, दोन वर्षं घरी बसून आहे. तिसरा म्हणतो, आमच्या गावात शाळा नाही अन् ती यावी म्हणून आजानं वावर द्यायचं ठरवलंय, मग मास्तर परका कशाला? तिघंही खरं बोलताहेत. पोटासाठी आणि देशासाठी एकाच कागदावर अर्ज करता येत होता, असा तो काळ. निव्वळ ध्येयवादानं माणसं शिक्षक झाली असं लिहिणारे त्या पोरांवर अन्याय करतात. त्यांना भूक होती, आणि ती असतानाही त्यांनी पंधराचा आकडा स्वीकारला.

प्रशिक्षण सुरू होतं. हातात टकळी. सात वर्षांचं मोफत शिक्षण, मातृभाषेतून, आणि मधोमध एखादा हस्तोद्योग, असा 'नई तालीम'चा आराखडा. सुताचे फेरे मोजत गणित, कापसाच्या बोंडावरून निसर्ग, गिरण्यांवरून इतिहास. तुम्हाला हे सोपं जातं, कारण पऱ्हाटीत तुमचा जन्म गेलाय. पण गावी आल्यावर, विहिरीजवळ, एका वेचणाऱ्या बाईला तुम्ही हे सगळं हौसेनं सांगता, तेव्हा ती डोक्यावरचा भारा न उतरवता म्हणते, "कापूसच करायचा तर पोट्ट्याले शायेत काहून धाडू? तो त घरीच शिकते."

तिला उत्तर द्यायला तुम्हाला जमत नाही. मला वाटतं, ती निम्मी बरोबर होती. पिढ्यान्‌पिढ्या कापूस वेचणाऱ्याच्या लेकराला शाळेत कापसापासून सुटका हवी होती, आणि हातातल्या कामाला प्रतिष्ठा देण्याच्या भरात आखणी करणाऱ्यांच्या ती सुटका नीट ध्यानात आली नाही. पण निम्मी बाजू त्यांचीही आहे. पोराच्या हाताला जे ठाऊक आहे तिथून धडा सुरू करायचा, एवढं एक वर्ध्यानं त्या पंधरा रुपयांच्या मास्तरांना शिकवलं, आणि जो मास्तर ते शिकला त्याच्या वर्गात पोरं टिकली.

योजना फार चालली नाही. 'मंदिर' या नावाला मुसलमानांचा विरोध होता. पगार शेताच्या उत्पन्नावर, आणि शेताचा भरवसा पावसावर. नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळानं राजीनामा दिला आणि पाठीराखाच गेला. ज्यांनी पंधरावर सही केली होती त्यांतले काहीजण तरीही खेड्यातल्या शाळांमध्ये राहिले असतील. अशा मास्तरांचे फोटो कुठल्या भिंतीवर नसतात.

आता काही वर्षं पुढे या आणि पैनगंगा ओलांडा.

१९४३. तुम्ही गोंड आहात. केळापूर तालुक्यात, पैनगंगेच्या अलीकडच्या काठावर तुमचं घर. नदी म्हणजे सरहद्द. इकडे इंग्रजी अमलातलं वऱ्हाड, तिकडे निजामाचा आदिलाबाद जिल्हा. गोंडांना आणि कोलामांना ही सरहद्द कधी फारशी कळलेली नाही, सोयरीक दोन्ही काठांवर आहे. तिकडच्या मामाकडून निरोप आलाय: मारलावाईला शाळा निघतेय, आपल्या बोलीतली, आणि अक्षर ओळखणारी गोंडाची पोरं तिथे हवीत. तुम्ही इकडच्या शाळेत दोन-तीन वर्षं बसला होतात. मास्तर मराठीत बोले, तुम्ही गोंडीत विचार करत. पहिलं वर्ष तो काय म्हणतोय हे समजण्यातच गेलं. त्याच्या हिशेबी तुम्ही मठ्ठ होतात.

उटनूरच्या डोंगरातून, सागवानातून, बैलगाडीच्या चाकोरीनं तुम्ही मारलावाईला पोचता. या डोंगराची जखम ताजी आहे. १९४० मध्ये जोडेघाटला गोंड पुढारी कुमराम भीम पोलिसांच्या गोळ्यांनी पडला. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन राखीव जंगलात गेली म्हणून, कागद नाही म्हणून हाकललं म्हणून, दंडावर दंड बसले म्हणून त्यानं हत्यार उचललं होतं. त्यानंतर निजाम सरकारला, या लोकांचं नेमकं काय चाललंय ते बघावंसं वाटलं, आणि त्यांनी एका मानववंशशास्त्रज्ञाला ते काम दिलं. ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ. ऑस्ट्रियाचा माणूस. महायुद्ध सुरू झालं तेव्हा जर्मन पासपोर्टमुळे इंग्रजांच्या लेखी शत्रू देशाचा, म्हणून हैदराबाद संस्थानातच अडकून पडलेला. तो आणि त्याची बायको बेटी मारलावाईतच झोपडीत राहतात, गोंडी बोलतात.

त्यानं जे पाहिलं ते तुम्ही जन्मापासून पाहत आलात. पटवारी येतो, फॉरेस्टवाला येतो, सावकार येतो, प्रत्येकाच्या हातात कागद असतो, आणि कागदात काय आहे ते फक्त त्यालाच ठाऊक असतं. जमिनीचे पट्टे देऊन भागणार नव्हतं. पट्टा वाचणारं गावात कुणी नसेल तर तोही उद्या सावकाराच्या पेटीत जाणार. म्हणून शाळा. आणि गोंडांना शिकवायला गोंडच हवेत, म्हणून आधी शिक्षक घडवायचे.

तुम्ही इतर पोरांसोबत जमिनीवर बसता. कुणी तुमच्याहून मोठे आहेत, लेकरांचे बाप. पुढे गोंडीतली पहिली वाचनपुस्तकं आहेत. लिपी देवनागरी, कारण या भागात थोडीफार अक्षरं कुणाला येत असतील तर ती मराठीची. तुम्ही पहिली ओळ वाचता आणि थांबता. शाळेत दर शब्दाला आधी मराठीतून गोंडीत आणावं लागे. इथे वाचून झालं की अर्थ समोर उभा असतो, तो कुठून आणावा लागत नाही. पुढची ओळ तुम्ही स्वतःहून वाचता, तिच्या पुढचीही.

काही महिन्यांनी तुम्हाला डोंगरातल्या एका गावी पाठवतात. शाळा म्हणजे कुडाच्या भिंती आणि वर गवत. सकाळी पोरं येतात. संध्याकाळी, वावरातून परतलेले मोठे लोक कंदिलाभोवती बसतात. अक्षरांत त्यांना फारसा रस नाही, ते तुम्हालाच बघायला आलेत, आपल्यातला मास्तर कसा दिसतो ते. तिसऱ्या का चौथ्या संध्याकाळी एक म्हातारा पुढे सरकतो.

"आमी बोलतो ते तुले लिहिता येते?"

"येते."

"मग लिही. फॉरेस्टवाल्यानं दोन कोंबडे नेले."

तुम्ही पाटीवर लिहिता. तो म्हणतो, वाच. तुम्ही वाचता. तो पुन्हा म्हणतो, वाच. मग त्याच्या शेजारचा सांगतो, माझी एक शेळी लिही. तिसरा सांगतो, मागच्या पावसाळ्यात माझ्या बापाकडून दंड घेतला, पावती नाही दिली, ते लिही. पाटी भरते. पुसून पुढचं लिहायला जाता तर म्हातारा हात धरतो: ते पुसू नको. तुम्ही ट्रेनिंगसाठी मिळालेली वही काढता.

त्या रात्रीनंतर तुम्हाला कुणी मास्तर का झालास म्हणून विचारत नाही. आणि मुलांची काळजी म्हणजे काय तेही तुम्हाला हळूहळू कळायला लागतं. या काळजीत लाड थोडेच असतात. मोहाच्या फुलांच्या दिवसांत पहाटे कोण रानात जातं ते माहीत हवं. बाप बाजाराला गेला की गुरं कुणाकडे येतात ते माहीत हवं. कुणाच्या घरी ताप आहे, कोण उपाशी आलाय, कोण परवा नव्या पाहुण्यांच्या घरी राहायला जाणार आहे, हे हजेरीच्या आधी ठाऊक असावं लागतं. मूल का आलं नाही हे ज्याला सांगता येतं तो त्या मुलाचा मास्तर.

पुढच्या वर्षांत आदिलाबादच्या डोंगरात हजारो कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळतात. लोक कागद घेऊन थेट तुमच्याकडे येतात. सर्व्हे नंबर, एकर, गुंठे, चतुःसीमा तुम्ही बोट ठेवून वाचून दाखवता, आणि तुमच्या वर्गातली पोरं खांद्यावरून डोकावून तुमच्या आधी आकडा सांगतात.

पण तीच गादी पुन्हा समोर येते. मारलावाईत शिकलेल्या गोंड तरुणांतले काही पटवारी होतात, कारकून होतात, फॉरेस्ट गार्ड होतात. तुम्हालाही बोलावणं येतं. हा मोह वाईट म्हणता येत नाही, कारण पटवारी आपल्यातला असणं हीसुद्धा त्या डोंगराची गरजच होती. तुम्ही गेलात तरी चांगलं, राहिलात तरी चांगलं. मला स्वतःला राहिलेल्यांची आठवण जास्त येते.

ती गोंडी शाळा टिकली नाही. संस्थान गेलं, राज्यं भाषेवर बेतली गेली, आदिलाबाद आंध्रात गेलं, शाळेची भाषा तेलुगू झाली. नदीच्या अलीकडे ती मराठीच राहिली. दोन्ही काठांवर गोंड-कोलामांच्या लेकराला पहिल्या दिवशी परकी भाषा ऐकू येत राहिली. १९८७ मध्ये बेटी वारली तेव्हा तिला मारलावाईत पुरलं, आणि २०१२ मध्ये हायमेनडॉर्फच्या अस्थीही तिथेच आणल्या. ज्यांच्यासाठी शाळा काढली त्या लोकांनी त्यांना आपल्या गावात जागा दिली. पैनगंगेच्या अलीकडून तिथे जाऊन येणं अवघड नाही. यवतमाळच्या शिक्षकांनी एकदा जाऊन यावं असं मला मनापासून वाटतं.

१ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, आणि वीस वर्षांचे तुम्ही आता 'झेडपीचे गुरुजी'. पगार महिन्याचा महिन्याला, पुढे पेन्शन. गहुलीच्या तांड्यावरून शिकायला बाहेर पडलेला मुलगा, वसंतराव नाईक, १९६३ मध्ये मुख्यमंत्री झाला, त्यामुळे पुसदकडच्या बंजारा तांड्यांवर शाळेचं वजन एकदम वाढलं. गुरुजी पत्र वाचतो, गुरुजी मनिऑर्डरचा फॉर्म भरतो, गुरुजी जनगणना करतो, मतदारयादी करतो, नसबंदीचं उद्दिष्टही त्याच्याच माथी. बाकी वेळात शिकवतो. ही वर्षं शिक्षकाला प्रतिष्ठेची गेली हे खरं, आणि त्या प्रतिष्ठेखाली पुष्कळ आळसही झाकला गेला, हेही गावागावातले लोक जाणतात.

२००६. या खेपेला तुम्ही मुलगी आहात, डी.एड. झालेली, शिक्षणसेवक. मानधन महिना तीन हजार, तीन वर्षं. राज्यानं २००० मध्ये ही पद्धत आणली तेव्हापासून घराघरात एकच हिशेब चाललाय: तीन वर्षं काढली की कायम. डी.एड.ला नंबर लागला म्हणून पेढे वाटले होते. तुमच्या बापानं त्यासाठी दोन एकर गहाण टाकलं, हे तुम्हाला नंतर कळलं.

हा जिल्हा तेव्हा रोज पेपरात आहे. कापसाचा भाव पडलेला, कर्ज, विषाचे डबे. १ जुलैला पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर करतात. त्याच सुमारास, उन्हाळा लांबल्यामुळे उशिरा उघडणारी विदर्भातली शाळा उघडते आणि तुम्ही चौथीच्या वर्गात पहिल्यांदा पाऊल टाकता. हातात माहितीचा तक्ता. नाव, जन्मतारीख, जात, वडिलांचा व्यवसाय.

तुम्ही मोठ्यानं विचारत जाता, मुलं उत्तरं देत जातात. शेती. शेती. मजुरी. शेती. मागच्या रांगेतला एक मुलगा उभा राहतो आणि काही बोलत नाही. शेजारचा बोलतो, "मॅडम, त्याचा बाप औषध पेला." वर्गातली सगळी डोकी वळतात. तुम्ही तक्ता मिटता.

पुढे तुम्ही तो तक्ता कधी वर्गात भरत नाही. घरोघर जाऊन भरता, आईशी बोलून. सगळ्याच मुलांचा, म्हणजे कुणाला वेगळं काढल्यासारखं वाटत नाही. या जास्तीच्या कामाचे पैसे मिळत नाहीत, कुठल्या अहवालात त्याला रकाना नाही. पण घरी गेल्यानं तुम्हाला कळतं की त्या मुलाला आता सकाळी म्हशीचं दूध घालायला जावं लागतं, म्हणून पहिला तास त्याचा नेहमी बुडतो. पहिला तास गणिताचा असतो. तुम्ही तो तिसऱ्यावर नेता. यवतमाळ जिल्ह्यात त्या काळी जे अनेकजण शिकवत होते त्यांनी अशी शेकडो लहान कामं केली असणार, आणि पॅकेजच्या कोटींचा हिशेब मांडताना ती कुणी मोजली नाहीत.

पुसद, उमरखेड, महागावकडे आणखी एक गोष्ट होते. दिवाळीच्या आसपास तांडे रिकामे व्हायला लागतात. माणसं ऊसतोडीला पश्चिमेकडे निघतात आणि लेकरं त्यांच्यासोबत. शाळेत राहिलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे, पण सोय आहे म्हणून आई लेकरू मागे ठेवत नाही. ट्रकवर सामान चढत असताना तिथे जाऊन उभं राहावं लागतं. आजी आहे ना घरी? मग ठेवा की. मी बघते. या 'मी बघते'वर आईनं भरवसा ठेवायचा की नाही, हे मागचं अख्खं वर्ष तुम्ही कसं वागलात त्यावर ठरतं.

आणि आता शेवटची खेप. २०२४. तुम्ही पुन्हा नदीजवळ आहात, झरी जामणीच्या बाजूला, एका कोलाम पोडावर, म्हणजे वस्तीवर. टीईटी झाली, अभियोग्यता चाचणी झाली, पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम भरले. मित्र म्हणाले, शहराजवळचं भर, पोडावर कोण जातं? मानधन सोळा हजार झालंय. ज्यांनी तुमच्यासोबत दहावी केली त्यांतला एक पुण्याला कंपनीत आहे, एक कर्ज वसुलीच्या कामावर गावोगाव मोटरसायकलवर फिरतो आणि तुमच्याहून बरं कमावतो. तुमच्यापुढेही ते काम होतंच.

शाळेचा पट वीसच्या आत. मागच्या वर्षीपासून अशा शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करायच्या अशी सरकारी चर्चा आहे. नकाशावर ते सोपं दिसतं. इथे मध्ये ओढा आहे, पावसाळ्यात त्याला पाणी येतं, आणि पहिलीतल्या पोरीला रानातून एकटीनं पलीकडच्या गावी कुणी धाडणार नाही. शाळा हलली तर बहुतेक मुलगे सायकलवर जातील आणि मुली घरी राहतील. हा माझा अंदाज आहे, आणि तो खोटा ठरावा अशी माझी इच्छा आहे.

महाराष्ट्रात तीन आदिम जमाती मानल्या जातात, कातकरी, माडिया आणि कोलाम. कोलामांची बोली द्राविडी वळणाची, मराठीशी नातं नसलेली. पहिल्या दिवशी तुम्ही बोलता आणि पोरं तुमच्या ओठांकडे बघत बसतात. मठ्ठ कुणी नाही. तुम्ही चौथीतल्या एका मुलीला पुढे बोलावता, तिला दोन्ही भाषा येतात. ती सांगते, पहिलीवाले ऐकतात, हसतात, उत्तरं देतात. तुम्ही ती उत्तरं देवनागरीत तुमच्या वहीत उतरवून घेता. तुमच्या उच्चारांवर वर्ग खो-खो हसतो, आणि शाळा सुरू होते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर वेचणी जोरात. एका सोमवारी वर्गात पाचच मुलं. तुम्ही पोडावर जाता. चावडीजवळ पोडाचा नाईक बसलाय. रामराम होतो, चहा येतो.

"पोट्टे वावरात गेले," तो सांगतो. "वेच्याचे पैसे भेटतात. का करता?"

"सकाळी सातला शाळा भरवली तर? दहाच्या आत सोडतो. वेचा मग सुरू होऊ द्या."

तो तुमच्याकडे बघत राहतो. मग वेगळंच विचारतो.

"किती दिस राहाल तुम्ही? इथं येते तो बदली मागते."

तुम्ही खोटं बोलत नाही. शिक्षणसेवकाची तीन वर्षं आहेत, नंतर बदलीचे नियम आहेत, ते तुमच्या हातात नाहीत, हे सांगता. पहिलीत सात मुलं आहेत, ती चौथी पास होईपर्यंत तुम्ही स्वतःहून बदलीचा अर्ज करणार नाही, हेही सांगता.

नाईक बोटांवर मोजतो. चार वर्षं. कप खाली ठेवतो आणि आत बघून हाक मारतो, कोलामीत. तुम्हाला त्यातले दोनच शब्द कळतात, 'शाळा' आणि 'सात'.